एकवीस लाल बिया

आमच्या नातीच्या मनगटाला विहीणबाईंनी लाल बियांची मनगटी बांधली, तेव्हा मी त्यातल्या बिया मोजल्या. एकवीस भरल्या. मोजायला काही कारण नव्हतं. बांधकामाला किती विटा, किती काँक्रीट, किती दारं-खिडक्या लागतील ते काढायचं हे माझं काम, आणि सत्तावीस वर्षं तेच केल्यावर डोळे न सांगता मोजतात. पण मोजून झाल्यावरही माझी नजर तिथून हलेना, कारण त्या बिया माझ्या ओळखीच्या होत्या. लाल, चकचकीत, आणि एका बाजूला काजळाचं बोट लावल्यासारखा काळा डाग. गुंजा होत्या त्या.

माझे वडील सांगलीत एका सराफाच्या पेढीवर कारकून होते. पेढीवर ग्रॅमची वजनं येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मालकांच्या गादीशेजारी गुंजांची पितळी डबी अजून असे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिकडे जाई आणि ती डबी खेळायला मागे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा एक तोळा, हे मला पावकी-निमकीच्या आधी पाठ झालं. डबी हातात देताना वडील दर वेळी एकच वाक्य म्हणत, "एक जरी चावलीस तर संध्याकाळ बघणार नाहीस." आवाज न चढवता म्हणत, म्हणून जास्त भीती वाटे.

आता तीच बी तीन महिन्यांच्या पोरीच्या मनगटावर होती. तोंडापासून वीतभर अंतरावर.

बारसं मुलीच्या एजवेअरच्या घरी होतं. आमची मुलगी आणि जावई तिथे राहतात, आम्ही दोघं स्टॅनमोरला, गाडीने दहा-बारा मिनिटांवर. पाळण्याची गाणी फोनवर लावून झाली होती, पेढे फिरले होते. विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, लेस्टरहून सकाळच्या ट्रेनने आल्या होत्या. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली, बाळाची मूठ हातात धरली आणि मनगटी घालून दोरीची सरकगाठ ओढली.

"नजर लागू नये म्हणून," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "माझ्या बहिणीने केली आहे. दोरीसुद्धा तिनेच वळली."

"अय्या, अगदी आपल्यासारखंच!" माझी बायको आनंदून म्हणाली. बाळाच्या दोन्ही हातांत आमच्याकडच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या आधीपासून होत्याच. विहीणबाईंची लाल मनगटी उजव्या हातावर त्यांच्या वर बसली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मला एवढी काळजी का लागली ते कळेल. सप्टेंबरमध्ये मुलीची रजा संपणार होती. नर्सरीत घालायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. विहीणबाई लेस्टरच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होत्या. जुलैअखेर त्या निवृत्त होऊन एजवेअरला येणार, सोमवार ते गुरुवार राहणार, आणि बाळाला सांभाळणार. शुक्रवारी बाळ आमच्याकडे, ते तर आधीपासूनच येत होतं. सगळं पक्कं झालं होतं. आणि त्या रविवारपासून मी एकच प्रश्न डोक्यात घेऊन फिरू लागलो. जी बाई तान्ह्या मुलीच्या हाताला विष बांधते, तिच्या हाती ती मुलगी चार दिवस द्यायची का?

खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दलचा माझा संशय बारशाच्या आधीपासूनचा होता. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हाची गोष्ट. विहीणबाईंचा जन्म पेरूच्या जंगलात, नदीकाठच्या एका छोट्या वस्तीत झाला. ती माणसं तिथली मूळची. बाविसाव्या वर्षी एका इंग्रज माणसाशी लग्न करून त्या लेस्टरला आल्या. ते गृहस्थ आता नाहीत. बाई माझ्या बायकोपेक्षा ठेंगण्या, केस कमरेपर्यंत, अंगात पॅडेड जॅकेट आणि पायात रनिंग शूज. जेवण झाल्यावर त्यांनी पलंगाखालून पत्र्याचा मोठा डबा ओढला आणि गालिच्यावर एकेक दागिना मांडला. नाचताना खांद्यावरून छातीवर आडव्या घालायच्या बियांच्या लांब माळा होत्या, त्यांना फळांच्या सुक्या कवट्यांचे अर्धे तुकडे लावलेले, हलवलं की पावसासारखे वाजणारे. मनगटावर चार बोटं रुंद बसणारे मण्यांचे पट्टे होते, त्यांवर नागमोडी नक्षी. कानात घालायचे हिरवे-निळे झुपके होते, दिव्याखाली पेट्रोलसारखे रंग बदलणारे.

"हे प्लास्टिक आहे का?" मी त्या झुपक्यांना बोट लावून विचारलं.

"भुंग्याचे पंख," त्या म्हणाल्या. "वरची कवचं. भुंगे मेल्यावर घेतात."

मण्यांच्या पट्ट्याची मागची बाजू मी उलटून पाहिली. "हा दोरा तर नायलॉनचा आहे."

"हो."

"जंगलात नायलॉन कुठून आलं?"

"दुकानातून," विहीणबाई म्हणाल्या. "बोट येते, दुकानं आहेत. माझ्या भाचीकडे तुमच्यापेक्षा चांगला फोन आहे." जावई जोरात हसला. विहीणबाईंनी माझ्याकडे बघून मान तिरकी केली. "तुम्ही कस्टम्समध्ये आहात का, मिस्टर इंजिनिअर?"

मी इंजिनिअर नाही, क्वांटिटी सर्व्हेअर आहे. हे मी त्यांना तोपर्यंत दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ते नाव सोडलं नाही, आणि असले पंख देशात आणायला परवाना लागतो का हे विचारायचं माझ्या मनात होतं ते मी गिळलं. घरी येताना मी बायकोला म्हणालो की ह्यातलं अर्धं सामान विमानतळावरच्या दुकानातलं असणार. ती म्हणाली, "तुम्हाला त्यांनी जेवायला बोलावलं होतं, ऑडिटला नाही."

बारशाहून परतताना गाडीत मी तिला गुंजांचं सांगितलं. तिने आधी हसण्यावारी नेलं, मग माझ्याकडे वळली.

"खात्री आहे तुमची?"

"मी सहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो."

"मग विचारा ना त्यांना सरळ."

"विहिणीच्या आहेराला नाव ठेवू? तेही मुलाच्या आईला?"

मग तिनेही आग्रह सोडला. तिच्या माहेरी एका लग्नात वरमाईने दिलेल्या साडीबद्दल कुणीतरी एक शब्द बोललं आणि दोन घरं अकरा वर्षं एकमेकांच्या कार्याला गेली नाहीत, ही कथा तिनेच मला सांगितलेली. मुलाच्या आईने जे दिलं ते डोक्याला लावून घ्यायचं, मनात काय असेल ते मनात ठेवायचं. आम्ही दोघंही त्याच शिस्तीत वाढलो. स्टॅनमोरला एकवीस वर्षं राहून शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल मी कौन्सिलला लेखी तक्रार करू शकतो, पण विहिणीला "ही बी कसली?" एवढं विचारायला माझी जीभ उचलत नव्हती.

मी इंटरनेटवर पाहिलं. गुंजेचे फोटो पाहिले, लाल आणि काळे, अगदी तेच. विषाबद्दल जे लिहिलं होतं ते दोनदा वाचलं. सालपट शाबूत असेल तर बी तशीच बाहेर पडते, पण बी फुटली किंवा तिला भोक पडलेलं असेल तर धोका. मनगटीतल्या प्रत्येक बीला दोरी ओवायला भोक होतं. फोटोत बी केवढी आहे ते कळत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग मी आडून आडून सुरुवात केली. जावयाला विचारलं, ती मनगटी धुता येते का? येते म्हणाला. मुलीला म्हटलं, उन्हाळा आहे, बाळाला घाम येतो, हात मोकळे ठेव. ती म्हणाली, "बाबा, झोपताना आम्ही सगळं काढतो. मीच काढते. डोंट वरी." एकदा मी विचारलं, "तुझ्या सासूबाईंना त्या झाडाबद्दल सगळी माहिती आहे ना?" ती माझ्याकडे बघत राहिली. "कोणत्या झाडाबद्दल?" मी विषय बदलला. दर भेटीत मी बिया मोजत असे. एकवीस. दर वेळी एकवीस.

जूनमध्ये एका बुधवारी मुलीला एका दिवसासाठी ऑफिसला जायचं होतं. आम्ही दोघं सकाळीच एजवेअरला पोचलो. बाळ आता पाच महिन्यांचं झालं होतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होतं. स्वतःची मूठ मनगटापर्यंत तोंडात कोंबायचा तिचा उद्योग चालू होता. मी समोर बसून ते बघत होतो. लाल बिया ओल्या होऊन आणखी चमकत होत्या.

साडेअकराला बायको कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर आणायला गेली. मी बाथरूममधून नखं कापायची कात्री आणली आणि दोरी कापली.

चार सेकंदांचं काम, पण दोरी अपेक्षेपेक्षा चिवट निघाली. मी जोर लावला, बाळाने हात झटकला, आणि बिया गालिच्यावर, सोफ्यावर, माझ्या मांडीवर उडाल्या. बाळ खुदकन हसलं. मी तिला तिच्या खुर्चीत पट्टा लावून बसवलं आणि गुडघ्यांवर येऊन बिया गोळा केल्या. बोलायचं काय ते ठरलेलं होतं. आपोआप तुटली म्हणायचं. बिया एका वाटीत घातल्या आणि मोजल्या.

वीस.

परत मोजल्या. सोफ्याच्या उशा काढल्या, सोफा ओढला, गालिचा उचलला. बाळाचं तोंड बोट घालून तपासलं. ती रडायला लागली. बायको कोथिंबीर घेऊन दारात आली तेव्हा मी फरशीवर आडवा होऊन टीव्हीच्या टेबलाखाली फोनचा दिवा मारत होतो.

"काय झालं?"

"एक बी सापडत नाही."

तिने कात्री पाहिली, दोरी पाहिली. बाळाला उचललं आणि म्हणाली, "गाडी काढा."

हॉस्पिटलमध्ये आम्हाला लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत. तिने विचारलं, कसली बी. मी गुंजेचं इंग्लिश नाव सांगितलं आणि वाटी पुढे केली. तिचा चेहरा फारसा बदलला नाही, पण लिहिता लिहिता तिचा पेन थांबला.

"तुम्हाला खात्री आहे?"

"शंभर टक्के."

ती विषबाधेच्या तज्ज्ञांना फोन करायला गेली. नर्सने बाळाच्या बोटाला यंत्राचा चिमटा लावला. बायको बाळाला थोपटत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, ज्यांनी बांधली त्यांना फोन लावा."

"आत्ता? त्यांना काय सांगू?"

"जे केलंत ते."

विहीणबाईंनी फोन उचलला तेव्हा मागे ताटांचा खणखणाट होता. शाळेची जेवणाची वेळ. मी सांगितलं की मनगटीतली एक बी कदाचित बाळाच्या पोटात गेली आहे, आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत, आणि ती बी विषारी असल्याचं मला माहीत आहे. शेवटी बियांचं नाव घेतलं. खणखणाट कमी झाला, त्या बाहेर कुठेतरी गेल्या असाव्यात.

"ती नाही," त्या म्हणाल्या. "ही वायरुरो. तुमची बी वेलीवर येते ना?"

"वेलीवर."

"ही झाडावर येते. मोठं झाड. तुमच्या घराच्या दुप्पट."

"तुम्हाला नक्की माहीत आहे? कारण दिसायला..."

"मिस्टर इंजिनिअर," त्या मधेच म्हणाल्या, आणि ह्या वेळी त्यात थट्टा नव्हती. "मी आईजवळ बसून ह्या ओवायला शिकले. तुम्ही किती ओवल्यात?" मग म्हणाल्या, "डॉक्टरला द्या फोन."

डॉक्टरने ऐकून घेतलं, नाव लिहून घेतलं, पण फोनवरच्या सांगण्यावर विसंबता येणार नाही म्हणाली. तेही बरोबर होतं. मी वाटीतली एक बी चिमटीत घेऊन बसलो होतो. आणि तेव्हा, मनगटी बांधल्यापासून पहिल्यांदा, मला तिचं वजन जाणवलं.

"तुमच्याकडे छोटा काटा आहे का?" मी नर्सला विचारलं. "दशांश ग्रॅम दाखवणारा?"

तिने तो कुठूनतरी आणला. वीस बिया नऊ पूर्णांक आठ ग्रॅम भरल्या. शहाण्णव गुंजांचा तोळा, तोळा म्हणजे अकरा ग्रॅम सहासष्ट, तर एक गुंज एक-अष्टमांश ग्रॅमला थोडी कमी. वीस गुंजा अडीच ग्रॅमसुद्धा भरायच्या नाहीत. ह्या चौपट होत्या. मी ते कागदावर मांडून डॉक्टरला दाखवलं. तिने बियांशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि तज्ज्ञांना पाठवला.

सहा वर्षांच्या पोराच्या तळहातावर गुंज जेवढी दिसते तेवढीच ती माझ्या डोक्यात राहिली होती. हात वाढला, तशी मनातली गुंजही मी वाढवून घेतली. प्लॅनवरचं माप जागेवर जाऊन पडताळल्याशिवाय मी कुणालाही सही देत नाही. आमच्या घरी कपाटात सोनं तोलायचा बारीक काटा आहे, भारतात जाताना दागिन्यांचं वजन करायला घेतलेला. दोन महिने त्या बिया माझ्या डोळ्यांसमोर होत्या. एक शुक्रवार ती मनगटी मागून घेतली असती आणि काट्यावर ठेवली असती तर पुरे होतं. ते सुचलं कापून झाल्यावर.

डॉक्टर परत आली. गुंजेइतकी भयंकर नाही, पण ही बीही निरुपद्रवी समजू नका, म्हणाली. चावली तर त्रास होऊ शकतो, आणि घशात अडकणं तर कुठल्याही बीचं वाईटच. बाळाला काही तास ठेवून घेऊ. "अंगावरचे कपडे काढते," नर्स म्हणाली, आणि तिने बाळाचा पायमोज्यांसकट असलेला झबला-सूट पायाकडून ओढला. फरशीवर टक् असा आवाज झाला.

बी घरंगळत खुर्चीखाली गेली. ती मी उचलली. कोरडी होती. दातांची खूण असायचा प्रश्न नव्हता, बाळाला दात नव्हते, तरी मी ती सगळ्या बाजूंनी पाहिली आणि वाटीत टाकली. एकवीस. बायको खाली बसली आणि पदर नसलेल्या कुर्त्याच्या टोकाने डोळे पुसू लागली.

मुलगी ऑफिसमधून धावत आली तेव्हा सगळं निभावलं होतं. बाळ झोपलं होतं. मी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. आपोआप तुटली हे वाक्य अजून माझ्याजवळ होतं, आणि ते चाललंही असतं. बायको काही बोलली नसती. मी सांगितलं, मी कापली.

"कापली म्हणजे? विथ सिझर्स?"

"हो."

"आणि फेकून देणार होतात."

"हो."

"मला का नाही विचारलं? तिला का नाही विचारलं?"

"विहिणीला कसं विचारायचं?"

"आर यू सिरियस, बाबा?" तिचा आवाज चढला आणि एक परिचारिका वळून बघू लागली. मुलीने आवाज खाली आणला. "आणि आपल्या मनगट्या? आईने पाठवलेल्या. त्यात किती मणी आहेत?"

मला सांगता येईना.

"प्रत्येकी चौतीस," ती म्हणाली. "बारीक, काळे, तोंडात गेले तर दिसणारपण नाहीत. ते तुम्ही कधी मोजले नाहीत. कारण ते आपले."



विहीणबाई संध्याकाळी सहाला एजवेअरला पोचल्या, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कपड्यांवरच. आधी बाळाला घेतलं, तिचे तळहात, तळपाय, कान सगळं तपासलं. मग ती वाटी मागितली. दोरी उचलून कापलेली टोकं बघितली. ताडाच्या कोवळ्या पानाचे धागे काढून मांडीवर हाताने वळलेली ती दोरी. ती बनवायला त्यांच्या बहिणीला किती वेळ लागला हे मी विचारलं नाही. असल्या आकड्याची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

मी उभा राहून माफी मागितली. कारण सांगितलं, गुंज, वडील, पेढी, सगळं. त्यांनी ऐकलं.

"भीती कळली," त्या म्हणाल्या. "बाळासाठी मीपण घाबरले असते. पण विचारलं का नाही?"

"आमच्याकडे मुलाच्या आईने दिलेल्या वस्तूत खोट काढत नाहीत. अपमान होतो."

विहीणबाई आपल्या मुलाकडे वळल्या, मग परत माझ्याकडे. "म्हणजे अपमान होऊ नये म्हणून तुम्ही लपून कात्री चालवता?"

जावई हसला नाही. कुणीच हसलं नाही.

"परत ओवता येईल ना?" माझ्या बायकोने हळूच विचारलं.

"ही झिजून आपली आपण तुटेपर्यंत घालायची असते," विहीणबाई म्हणाल्या. "कापलेली परत नाही घालत." त्यांनी बिया आणि दोरी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. निघताना मुलीने विचारलं, सप्टेंबरचं ठरल्याप्रमाणे ना? त्या म्हणाल्या, "बघू." आणि बाळाच्या डोक्यावर ओठ टेकून शेवटच्या ट्रेनच्या बऱ्याच आधीच्या ट्रेनने परत गेल्या.

पुढचे तीन आठवडे त्या "बघू"वर घर चाललं. मुलगी नर्सरींना फोन करत होती, सगळीकडे वेटिंग लिस्ट. मला ती काही बोलत नव्हती, पण शुक्रवारी बाळाला सोडताना आईलाच सगळ्या सूचना देई, आणि मी खोलीत असलो तर आईला बाजूला नेऊन. शेवटी मी विहीणबाईंना पत्र लिहिलं. इंग्लिशमध्ये, एक पान. काय केलं ते क्रमाने लिहिलं, खोटं काय बोलणार होतो तेही लिहिलं. लेस्टरच्या घरी नायलॉनवरून काय मनात आलं होतं आणि गाडीत काय बोललो होतो, तेही. माझ्या मुलीला तुमची गरज आहे आणि माझ्यामुळे तिला शिक्षा नको, हे शेवटी. बायकोने वाचून म्हटलं, "विमानतळाच्या दुकानाचं काढून टाका." मी ठेवलं.

उत्तर मुलीच्या फोनवर आलं, मला नाही. ठरल्या सोमवारी येते. बाळाच्या हातात आता काही नको. माझंही नको, त्यांचंही नको. मोठी झाली की तिला हवं ते ती घालेल.

आमच्या मनगट्या बायकोने त्याच शुक्रवारी काढल्या. काढताना ती खट्टू झाली होती.

आता विहीणबाई येऊन चार महिने झाले. बाळ त्यांच्याजवळ छान रमतं. त्यांच्या भाषेतल्या कुठल्यातरी गाण्यावर टाळ्या वाजवायला शिकलं आहे. मंगळवारी मी लवकर सुटतो तेव्हा वाटेत एजवेअरला डोकावतो. विहीणबाई चहा देतात, दूध कमी, मला लागतो तसा. माझ्याशी नीट बोलतात, अजून इंजिनिअरच म्हणतात. मी बाळाला मांडीवर घेतो. मग त्या भांडी तशीच सोडून स्वयंपाकघरातून येतात, नॅपकिनला हात पुसत दारात उभ्या राहतात, आणि माझ्या हातांकडे बघतात. बाळाच्या नाही, माझ्या. मी तिला खाली ठेवेपर्यंत त्या हलत नाहीत.

मी मुद्दाम दोन्ही हात त्यांना दिसतील असे ठेवतो.